शुक्रवारी विचारा, शनिवारी निघा: मित्रासोबतची अचानक सहल प्रत्यक्षात कशी आणावी

शुक्रवारी दुपारी कुणीतरी लिहितं, ‘यार, कुठेतरी जाऊ या.’ संध्याकाळपर्यंत दहा ठिकाणांचे फोटो एकमेकांना पाठवून होतात, रात्री ‘सकाळी बघू’ असं ठरतं आणि शनिवारी अकराच्या सुमारास बेत विरून जातो. जायचं तर दोघांनाही मनापासून असतं. पण अचानक निघायचं म्हणजे आधी काहीच ठरवायचं नाही, या समजापायी सगळं अडतं. माझं मत नेमकं उलट आहे. सोबत कोण, परत कधी, किती लांब आणि रात्री पाठ कुठे टेकायची, या चार गोष्टी घट्ट ठरवाव्या लागतात. त्या पक्क्या झाल्या की बाकी सगळं बिनधास्त मोकळं सोडता येतं.

हा मोकळेपणा महत्त्वाचा का, तेही सांगायला हवं. कामाच्या ताणातून माणूस सावरतो कसा, याचा अभ्यास करणाऱ्या साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली चार अनुभव वेगळे काढून दाखवले: मनानं कामापासून दूर जाणं, सैलावणं, काहीतरी नवं जमवणं आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. घरी लोळून काढलेल्या सुट्टीत सैलावणं मिळतं, पण नवं काही घडत नाही आणि कामही डोक्यातून जात नाही. दीड दिवसाची सहल चारही देऊ शकते. मात्र यातला चौथा अनुभव सगळ्यात नाजूक आहे. वेळापत्रक ठासून भरलं की पहिल्यांदा तोच हातचा जातो.

कुणाला विचारायचं

एकालाच विचारा. तिसरा माणूस आला की तारीख जुळवणं, गाडीतल्या जागा, खोल्या, आवडीनिवडी अशी साखळी सुरू होते आणि शुक्रवारचा बेत पुढच्या महिन्यात जातो. दोघांत एक फोन पुरतो.

हा मित्र किंवा ही मैत्रीण तुमची सर्वांत जवळची असावी असं काही नाही. मी तीन गोष्टी बघेन. सकाळी उठण्याच्या वेळा साधारण जुळतात का? ‘मला हे नको’ असं ती व्यक्ती तोंडावर सांगू शकते का? आणि तिच्याशेजारी अर्धा तास गप्प बसलं तर अवघडल्यासारखं होतं का? यातली दुसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ‘तू म्हणशील तसं’ म्हणत राहणारा सोबती ऐकायला गोड लागतो, पण दर दोन तासांनी सगळे निर्णय तुमच्यावर येतात आणि रविवारी दुपारी कळतं की त्याला भलतंच काही हवं होतं.

विचारताना प्रश्न अधांतरी सोडू नका. ‘कधीतरी भेटू’ला कुणी उत्तर देत नाही. असा मेसेज करा: ‘उद्या सकाळी सातपासून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत मोकळीक आहे. तीन तासांच्या आत पोहोचता येईल अशा कुठल्याही ठिकाणी जाऊ. येणार का? रात्री आठपर्यंत सांग. नाही जमलं तरी काही बिघडत नाही.’ वेळ, अंतर, उत्तराची मुदत आणि नकाराची मोकळी वाट, चारही गोष्टी त्यात आल्या. शेवटचं वाक्य गाळू नका. कुणाच्या घरी लहान मूल असेल, कुणाचे आईवडील आजारी असतील, कुणाचा महिनाअखेर असेल. ओढूनताणून आणलेल्या माणसाचं मन घरीच राहतं.

तुमच्याही घरी कुणी असेल तर मित्राआधी घरच्यांशी बोला, आणि परवानगी मागितल्यासारखं नको, वाटणी केल्यासारखं बोला: हे दोन दिवस घरचं मी तुझ्यावर टाकतोय, पुढच्या आठवड्यातले दोन दिवस तुझे. हा सौदा स्पष्ट झाला असेल तर वाटेत दर तासाला घरचे फोन येत नाहीत.

वरच्या मेसेजमधले तास मोजून बघा. शनिवारी सातपासून रविवारी पाचपर्यंत ३४ तास, त्यातून ८ तास झोपेचे वजा केले तर २६ उरतात. दर आठवड्याला न चुकता तासभर फोनवर बोललात तर एवढा वेळ जमायला सहा महिने लागतील. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो आणि घट्ट मैत्रीला २०० तासांहून अधिक, असं दिसलं. मोठेपणी हे तास कुणाकडेच सलग नसतात. जुनी पण बोलणं कमी झालेली मैत्री असेल, तर सहलीला तेवढं कारणसुद्धा पुरे आहे.

निघण्याआधीचा पंधरा मिनिटांचा फोन

होकार आला की मेसेजवर चर्चा लांबवू नका, फोन करा.

पैशांनी सुरुवात करा, कारण हा विषय टाळला तर तो हॉटेलच्या काउंटरवर उभा राहून काढावा लागतो. दोघांपैकी ज्याच्या खिशाला जास्त चटका बसणार, त्यानं आधी आकडा सांगावा आणि दुसऱ्यानं तो मान्य करावा. ‘थोडं वर मी घालतो’ ही मदत मनापासून असली तरी घेणाऱ्याला दोन दिवस जपून वागायला लावते. सोपी पद्धत अशी: दोघांनी सारखी रक्कम काढून एकत्र ठेवायची, सगळा सामायिक खर्च त्यातूनच करायचा, संपली की पुन्हा सारखी भर घालायची. वैयक्तिक खरेदी मात्र टीटीएमएम.

मग कामाचा फोन. ‘मी काम बघणारच नाही’ अशी शपथ घेऊ नका, ती पाळली जात नाही. दिवसातून एक वेळ ठरवा, समजा सकाळी नऊ ते सव्वानऊ, आणि त्या वेळेत दोघांनीही काय ते पाहून घ्या. घोरणं, एसी, उशिरापर्यंत जागणं, एकाच खोलीत राहणं चालेल का, हेही आत्ताच विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

शेवटी एकमेकांना एकच प्रश्न: ‘या दोन दिवसांत एक गोष्ट झालीच पाहिजे, ती कोणती?’ एकाला पाण्याकाठी बसायचं असेल, दुसऱ्याला भरपूर चालायचं असेल. प्रत्येकाची एक. दोन्हीही जिथे होतील, ते तुमचं ठिकाण.

आधी परतीची वेळ, मग ठिकाण

बहुतेक लोक ठिकाणापासून सुरुवात करतात आणि परतीचं गणित रविवारी दुपारी घालतात. क्रम उलटा करा. रविवारी पाच वाजता घराचं दार उघडायचं, असं धरा. जागेपणीच्या २६ तासांपैकी प्रवासात सहाहून जास्त घालवायचे नाहीत, म्हणजे एका बाजूला तीन तास. हे तीन तास घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे. गाडीची वाट बघणं, पेट्रोल भरणं, चहासाठी थांबणं सगळं त्यात धरायचं. नकाशाच्या ॲपवर दिसणाऱ्या वेळेत मी एक तृतीयांश भर घालते. ॲप दोन तास म्हणालं तर दोन तास चाळीस मिनिटं.

आता त्या वर्तुळात नावं शोधायला वीस मिनिटं द्या, त्याहून जास्त नाही. यादी दोन नावांवर आली की थांबा आणि तरीही ठरेना तर नाणं उडवा. दोन्ही ठिकाणी तुमच्या दोन्ही अटी पूर्ण होत असतील, तर कुठलंही चालणार आहे. शोधत राहण्यानं निवड सुधारत नाही, उत्साह मात्र उतरतो.

निवडीसाठी माझे निकष साधे आहेत. पोहोचल्यावर वाहनाची गरज फारशी लागू नये, पायी फिरून दिवस भरावा. पाऊस आला किंवा ऊन कडक निघालं तर छताखाली दोन तास जातील अशी एक तरी जागा असावी. आणि ठिकाण फार प्रसिद्ध नसलेलं बरं. प्रसिद्ध जागी गेलात की सगळं ‘बघून’ घ्यायचा ताण येतो, शिवाय शनिवारी तिथे गर्दी असते. त्याच दिशेचं, पण अलीकडचं किंवा थोडं बाजूचं गाव पुष्कळदा जास्त सुख देतं.

डोंगर चढायचा असेल तर अंदाजासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली घालून दिलेला हिशेब अजूनही कामाचा आहे: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आठ किलोमीटरची वाट आणि साडेचारशे मीटर चढ असेल तर साधारण दोन तास वीस मिनिटं होतात. पण त्यात थांबणं, फोटो, दम खाणं नाही. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्यांनी त्याच्या दीडपट धरावं, म्हणजे साडेतीन तास.

शुक्रवारची रात्र

सगळ्यात आधी काम मिटवा. संपवा असं म्हणत नाही, मिटवा. मसिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ सालच्या प्रयोगांत असं आढळलं की अर्धवट राहिलेल्या कामाचा विचार डोक्यात घुसत राहतो, पण ते काम कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की काम न करताही तो विचार मागे हटतो. म्हणून कागदावर लिहा: ‘सोमवार, दहा वाजता, अमुक फाइल उघडून तमुक आकडे तपासणे.’ नुसतं ‘फाइल बाकी’ लिहून भागत नाही. दहा मिनिटांचं हे काम अख्ख्या सहलीच्या तयारीत सर्वांत मोलाचं आहे आणि नेमकं तेच राहून जातं.

मग मुक्काम. झोपायची जागा सोडून दुसरं काहीही आगाऊ बुक करू नका, पण ती मात्र नक्की करा. रात्री आठ वाजता, दमलेल्या अवस्थेत, अनोळखी गावात खोली शोधत फिरण्यात काही थरार नाही. ॲपवर खोली दिसली तरी तिथे फोन करून विचारा: खोली कितीला मिळेल, रात्री उशीर झाला तर दार उघडतात का, ओळखपत्र कोणतं लागतं, गाडी कुठे लावायची, ऐनवेळी रद्द केलं तर पैसे परत मिळतात का. उत्तर देणाऱ्याच्या बोलण्यावरून जागेचाही अंदाज येतो.

हवामानाचा अधिकृत अंदाज आणि इशारे बघा. त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे रेंज गेली तरी अडणार नाही. तिसऱ्या कुणाला तरी मुक्कामाचं ठिकाण, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ कळवा. अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर काय करायचं, तेही त्या माणसाला सांगून ठेवा.

सामान एका पाठीवरच्या पिशवीत मावेल एवढंच. कपड्यांचा एक जोड, रात्रीचे कपडे, टॉवेल, नेहमीची औषधं, ओळखपत्र, थोडी रोख रक्कम, चार्जर, पॉवर बँक, टॉर्च, पाण्याची बाटली, पावसाचं जॅकेट. औषधं मूळ पाकिटातच ठेवा आणि एक दिवस जास्तीची घ्या. घरून शिजवलेलं अन्न नेत असाल तर ते बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. सुका खाऊ जास्त भरवशाचा.

आणि झोपा. शुक्रवारी रात्रीच निघून ‘शनिवार पूर्ण मिळवायचा’ मोह आवरा.

वाटेवर

रात्री निघू नका, हे इतकं ठासून सांगायला कारण आहे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. अनेक देशांत एवढ्या मद्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे. शुक्रवारी सकाळी सहाला उठून दिवसभर काम केलेला माणूस रात्री अकराला स्टिअरिंगवर असेल, तर तो नेमका याच अवस्थेत असतो, फक्त त्याला ते जाणवत नाही.

सकाळी निघालात तरी दर दोन तासांनी थांबा आणि दोघांना चालवता येत असेल तर चालक बदला. दुपारी दोन ते चारच्या सुमारास शरीर आपोआप सुस्तावतं, त्या वेळेत लांबचा पट्टा टाळा. पापण्या जड झाल्या, गेले काही किलोमीटर आठवेनात, गाडी पट्ट्याबाहेर सरकली, यातलं एकही झालं तर काच खाली करून किंवा गाणी मोठ्यानं लावून काही साधत नाही. सुरक्षित जागी गाडी लावा, कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपा. कॅफीनचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे जाग येते तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. शेजारी बसलेल्यानं रस्ता सांगावा, फोन सांभाळावा आणि स्वतः डुलक्या काढू नयेत.

बस किंवा रेल्वेनं जात असाल तर उतरल्या उतरल्या परतीच्या गाड्यांची वेळ तिथेच विचारून घ्या. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी तुमची समजा. शेवटची राखीव.

तिथे पोहोचल्यावर

दिवसाला एकच गोष्ट ठरलेली असू द्या. शनिवारी एकाची ‘झालीच पाहिजे’वाली, रविवारी सकाळी दुसऱ्याची. बाकी वेळेत वाट फुटेल तिकडे जा. ऊन-पाऊस बघून क्रम बदलला तरी चालेल.

उंचावर किंवा पाण्याजवळ असाल तर थोडे नियम डोक्यात ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. समुद्रात पाण्याची ओढ आत खेचू लागली तर किनाऱ्याकडे थेट झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा आणि मग वळा. उजेड किती उरला हे बघायचं असेल तर हात पूर्ण लांब करून सूर्याच्या खालची कड आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटं धरा. एक बोट म्हणजे अंदाजे पंधरा मिनिटं. डोंगरात सूर्य लवकर आड होतो, तेव्हा त्यातूनही अर्धा तास कमी करा.

दोन माणसं सलग दोन दिवस एकत्र असली की कुठेतरी खटका उडतोच. त्यासाठी मी एक गोष्ट आग्रहानं सुचवेन: शनिवारी दुपारी एक तास दोघांनी वेगवेगळं राहायचं. एकानं झोपावं, दुसऱ्यानं फिरून यावं, दोघांनी वाचत बसावं, काहीही. हे आधीच ठरलेलं असलं की कुणाला वाईट वाटत नाही, आणि तासाभरानं भेटताना सांगायला काहीतरी असतं. चिडचिड वाटू लागली तर कारण शोधण्याआधी दोघांनी काही खाल्लंय का ते बघा. भुकेल्या पोटी घेतलेले निर्णय आणि काढलेले विषय दोन्ही वाईट.

बोलण्याचंही थोडं. मित्राच्या आयुष्यात काही जड चाललं असेल तर ते त्याला हवं तेव्हा निघू द्या. चालताना, दोघांची नजर समोर असताना, माणसं मोकळी होतात. समोरासमोर बसवून ‘आता सांग’ म्हटलं की मिटतात. त्यानं विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका. ‘मग पुढे काय झालं?’ एवढं पुष्कळ असतं.

पहिल्या रात्री झोप सावध लागली तर घाबरू नका. ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा हलका झोपतो, जणू पहाऱ्यावर असतो. दीड दिवसाच्या सहलीत तुमच्या वाट्याला ही पहिली रात्रच येते. म्हणून रविवारी पहाटेचा गजर लावण्याआधी दोनदा विचार करा, विशेषतः परतीला गाडी तुम्हीच चालवणार असाल तर. स्वतःची उशी किंवा चादर नेली तर बरं वाटतं.

परतताना

वेळेवर निघा, मन भरलं नसलं तरी. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना थंड पाण्यात हात बुडवायला लावला: एकदा १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद, आणि एकदा तेच ६० सेकंद धरून वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कुठला प्रकार कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट किंचित सुसह्य होता. आठवणीत एकूण किती वेळ गेला यापेक्षा शेवट कसा झाला याला जास्त वजन असतं. एक जास्तीची जागा बघण्याच्या नादात रविवारी रात्री तीन तास कोंडीत अडकलात, तर सहलीची आठवण त्या कोंडीची होते. त्यापेक्षा वाटेत चांगल्या जागी थांबून निवांत जेवा आणि उजेडात घरी पोहोचा.

पैशांचा हिशेब निरोप घेण्याआधी गाडीतच पूर्ण करा. घरी आल्यावर कपडे धुवायला टाका, शुक्रवारी लिहिलेला कागद टेबलावर ठेवा आणि रोजच्या वेळेला झोपा.

सहलीचा टवटवीतपणा किती टिकतो, याबद्दल अपेक्षा माफक ठेवा. येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली डच लोकांचा जो अभ्यास केला, त्यात प्रवासाला जाणारे इतरांपेक्षा जास्त आनंदी दिसले ते निघण्याआधी. परतल्यानंतर, अतिशय निवांत सुट्टी झालेले वगळता, त्यांच्यात आणि घरी राहिलेल्यांत फरक उरला नव्हता. म्हणून वर्षातून एकदा मोठा घाट घालण्यापेक्षा अशा लहान सहली वरचेवर करण्याच्या बाजूची मी आहे. परतल्यावर पुढचं ठिकाण ठरवू नका, येत्या दोन-तीन महिन्यांतले दोघांचे कोणते शनिवार-रविवार मोकळे आहेत एवढंच एकमेकांना सांगून ठेवा. टॉर्च, चार्जर, टॉवेल आणि औषधांची पिशवी रिकामी करू नका, संपलेलं भरून कपाटात ठेवून द्या. आणि ऐनवेळी मित्राला जमलं नाही, तर त्याच पिशवीनिशी एकट्यानं अर्ध्या दिवसासाठी तरी बाहेर पडा.